तायडे सरांची गढूळ बाटली

तायडे सरांना डांबराचा वास आवडायचा. रस्त्याचं काम चालू दिसलं की आम्ही बाकीचे मास्तर-मास्तरणी नाकाला पदर-रुमाल लावून पलीकडच्या बाजूनं निघायचो. सर मात्र सायकलवरून उतरायचे आणि देवळासमोर थांबावं तसे त्या धुरासमोर दोन मिनिटं थांबायचे. मग खोकायचे. मग परत सायकलवर बसायचे. मी एकदा न राहवून विचारलं, "सर, खोकला येतो तर थांबता कशाला?"

"बाई, वास माह्या बापाचा हाय," ते म्हणाले. "खोकला पन त्याचाच."

मी तेव्हा अमरावतीच्या एका वकिलाची नुकती बी.एड. झालेली मुलगी होते. अकोल्याच्या शाळेत मराठी शिकवायला आले होते आणि आपण अकोल्यावर उपकार करायला आलो आहोत अशी माझी प्रामाणिक समजूत होती. आज ती पाठक बाई रस्त्यात भेटली तर मी तिला ओळख देणार नाही. कडक इस्त्रीचं पातळ, मान ताठ, आणि कोणी "मले" म्हटलं की लगेच "मला म्हणा". पहिल्याच आठवड्यात मी हे तायडे सरांनाही सांगितलं. रसायनशास्त्राचे शिक्षक, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे, काळेसावळे, बारीक अंगाचे, शर्टाच्या खिशात लिटमस कागदाची पट्टी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. मला म्हणतो. पण बाई, वर्गात 'मले' म्हटलं की पोट्ट्यांले आम्ल कळते, 'मला' म्हटलं की फक्त मी शिकलेला हाय थे कळते. काय करू सांगा."

मी हजेरीपट उचलून वर्गाकडे निघाले.

सरांचे वडील मूर्तिजापूरहून दर्यापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर मजूर होते. डांबराची पिंपं तापवायची, गरम डांबर झारीनं खडीवर शिंपडायचं, वरून वाळू टाकायची. पायाला बारदाना गुंडाळलेला. सर सांगायचे की छप्पन्न सालच्या धम्मदीक्षेनंतर त्यांच्या वस्तीत पोरांना शाळेत घालायची चढाओढच लागली होती. त्यांच्या वडिलांनी तर पोराला शाळेत जायला रस्ताच करून दिला, म्हणजे अगदी हातानं. तो रस्ता झाला तेव्हा कुठे पावसाळ्यात काळ्या मातीतून शाळेपर्यंत जाता येऊ लागलं. आणि तोच धूर छातीत बसून वडील पन्नाशीच्या आत गेले. सर हे सांगताना आवाज चढवत नसत, पाडतही नसत. प्रयोगाची कृती सांगावी तसं सांगत: हे घेतलं, ते मिळालं, हे उरलं.

सरांचा एक नियम होता. कोणी भांडण घेऊन आलं, मग ती आठवीतली पोरं असोत नाहीतर स्टाफरूममधले दोन गुरुजी, सर म्हणायचे, "आपली बाजू नंतर. आधी समोरच्याची मांडा. अशी मांडा का समोरचाच म्हनला पाह्यजे, 'हाव, हेच.' तवर तुमची पाळी नाई." निम्मी भांडणं इथेच विरघळत. उरलेल्या निम्म्यांत माणसं चिडून निघून जात, पण घरी जाऊन विचार करत असावीत. कारण दुसऱ्या दिवशी ती सरांशी बोलत नसत.

त्या नियमाचा पहिला फटका मला बसला तो एका कपामुळे.

शाळेतला चहा आमचा शिपाई करायचा. स्टाफरूममध्ये सगळ्यांचे कप एकाच बादलीतल्या पाण्यात बुचकळून निघत. मी घरून स्टीलचा कप आणायचे, झाकणासकट. कोणी विचारलं तर "पोट नाजूक आहे" म्हणायचे. सहा-सात महिने हे चाललं. एका दुपारी स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. मी माझा कप पुढे केला आणि सर म्हणाले, "बाई, तुमच्या कपाची बाजू मी मांडून पाहू का?"

मी म्हटलं, "मांडा." मला वाटलं थट्टा करतील.

त्यांनी मांडली, आणि अशी मांडली की मलाही तितकी सुचली नसती. बादलीतलं पाणी दिवसभर बदलत नाही. गावात कावीळ आहे. नव्या गावात एकटी राहणारी पोरगी आहे, आजारी पडली तर पेज कोण करून देणार? आईनं निघताना चार गोष्टी बजावल्या असतील. आणि परक्या ठिकाणी आपलं म्हणावं असं एक भांडं तरी असावं, ओठाला ओळखीचं लागणारं. मी मान डोलावत होते. कुणीतरी आपल्याला इतकं समजून घेतंय म्हणून डोळेसुद्धा ओले व्हायच्या बेतात होते माझे, बावळटाचे.

"बरोबर मांडली?" सर म्हणाले.

"हो, हेच."

"राह्यलं काही?"

इतकंच. बशीत चहा ओतून ते पिऊ लागले. आणि काय राहिलं होतं ते मला एकटीलाच माहीत होतं असं मी समजत होते. मुख्याध्यापकांच्या खोलीत त्यांच्याबरोबर चहा व्हायचा तेव्हा मी शाळेच्याच कपात प्यायचे. तेच बादलीतलं पाणी, तोच शिपाई. पोट तिथे नाजूक नसायचं. ते फक्त स्टाफरूममध्ये, तायडे सरांच्या आणि आणखी दोघांच्या शेजारी बसल्यावरच नाजूक व्हायचं. सरांनी ते पाहिलं होतं. पहिल्या दिवसापासून पाहिलं असणार. त्यांनी मला सगळी कारणं उसनी दिली, फक्त खरं तेवढं माझ्यासाठी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी कप टेबलावर ठेवून म्हटलं, "सर, हा तुमच्या प्रयोगशाळेला." त्यांनी कप उलटसुलट करून पाहिला. "झाकन चांगलं बसते. धुन्याचा सोडा ठेवाले होईन." मी माफी मागितली नाही. ती मागायची राहूनच गेली. पण त्यानंतर पंचवीस वर्षं आम्ही एकाच बादलीतल्या पाण्यात बुचकळलेल्या कपांतून प्यायलो आणि मला कावीळ झाली नाही, हे नोंदवून ठेवते.

तर त्या कपातला सोडा पुढे ज्या प्रयोगाला लागला, तो डांबरी वाळूचा. पेट्रोल महाग झालं होतं, रॉकेलच्या रांगा होत्या, आणि सरांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की कॅनडात मैलोन्‌मैल वाळू आहे आणि तिच्या कणाकणाला डांबर चिकटलेलं आहे. ते धुऊन त्याचं तेल करतात. सर तर हरखलेच. बापानं जन्मभर वाळूवर डांबर टाकलं, आणि तिकडे लोक वाळूतून डांबर काढतात! विभागीय विज्ञान प्रदर्शन अमरावतीला होतं. सरांनी नववीतल्या दोन मुली तयार केल्या. पूर्णेची वाळू, थोडी काळी माती, रस्त्याच्या पिंपातलं डांबर आणि ते पातळ करायला रॉकेल, असा काला करून ठेवला. प्रदर्शनात तो गरम पाण्यात टाकायचा, सोडा घालून घुसळायचा. डांबराचा काळा तवंग वर येतो, वाळू खाली बसते. मुलींना भाषण बसवून द्यायचं काम माझं, कारण माझं मराठी शुद्ध.

मला ते बक्षीस हवं होतं. मुलींसाठी नव्हे. तोवर लग्न होऊन मी अकोल्याचीच झाले होते, आणि अमरावती माझं माहेर. माझे बाबा आपल्या दोन वकील मित्रांना घेऊन प्रदर्शनाला येणार होते.

आता गंमत पाहा. तवंग काढून घेतला, वाळू बाजूला केली की जे पाणी उरायचं ते भयंकर असायचं. करडं, तेलकट, आणि त्यातली माती काही केल्या खाली बसायची नाही. आज ठेवा, उद्या बघा, तसंच. मी म्हटलं, हे फेकून देऊ. सर म्हणाले, "फेकाचं कुठं? थेच तर इचारतीन ना लोक." आणि त्यांनी ते पाणी एका बाटलीत भरून, "उरलेले पाणी" अशी चिठ्ठी लावून, चकचकीत तेलाच्या बशीशेजारी मांडलं.

"सर, सगळं टेबल घाण दिसतंय!"

"बाई, तेल दाखवतो तर पानी काहून लपवू?"

परीक्षक शेजारच्या टेबलापाशी आले. सर मुलींना काही सांगायला वळले. मी बाटली उचलली आणि माझ्या पर्समध्ये घातली. बूच नीट बसलेलं नव्हतं.

मुली सुरेख बोलल्या. तेल तरंगलं. परीक्षक खूश. बाबा मागे उभे, मित्रांकडे बघून मिशीत हसताहेत. आणि एका परीक्षकांनी माझ्या मोरपंखी पातळाकडे बोट दाखवलं. "बाई, तुमचं काय गळतंय?"

काखेपासून निऱ्यांपर्यंत करडा ओघळ. मी पर्स पाठीमागे सरकवली. सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा रिकाम्या जागेकडे, आणि अत्यंत आदरानं म्हणाले, "साहेब, थेच दाखवाचं राह्यलं होतं."

त्यांनी माझ्या पर्समधून बाटली काढली, पुसली, जागेवर ठेवली आणि पाच मिनिटं त्या पाण्याबद्दल बोलले. तेल किती, त्याला पाणी किती, ते गरम करायला सरपण किती, आणि हे उरलेलं कुणाच्या नदीत सोडायचं. बक्षीस गेलं. बाबा घरी जेवताना म्हणाले, "हा गृहस्थ वकील झाला नाही हे आमचं नशीब. स्वतःच्या अशिलाविरुद्धचा पुरावा स्वतःच मांडतो." पण त्यांनी दोनदा विचारलं, तायडेंना जेवायला का नाही आणलंस म्हणून. ते पातळ टाकून दिलं. अर्धी उरलेली बाटली सरांनी अकोल्याच्या प्रयोगशाळेत खिडकीत ठेवली. पुढे सर निवृत्त होऊन मुलाकडे अमरावतीला गेले, तेव्हा शाल-श्रीफळाबरोबर ती बाटलीही घेऊन गेले.

आता अलीकडचं.

माझी नात मुक्ता, माझ्या मुलीची मुलगी. आईवडील नागपूरला नोकरीत, म्हणून ही पाचवीपासून माझ्याजवळ अकोल्यात वाढली. केमिकल इंजिनिअर झाली. आणि एक दिवस लॅपटॉप माझ्यासमोर धरून म्हणाली, "आजी, नोकरी लागली. कॅनडा." कुठे? तर तिथेच. डांबरी वाळूच्या खाणीवर.

त्या दिवसापासून मी पर्यावरणवादी झाले. फोनवर जेवढं सापडलं तेवढं वाचून काढलं. सकाळी चहाला जंगलतोड, दुपारी जेवताना हवेतला धूर, संध्याकाळी बदकं. मुक्ता ऐकून घ्यायची, ऐकून घ्यायची, आणि एक दिवस म्हणाली, "आजी, तुझी स्कूटी कशावर चालते गं? गोमूत्रावर?" मग दोन दिवस अबोला. कंपनीला उत्तर द्यायला तिच्याकडे आठवडाच उरला होता. शेवटी मीच म्हटलं, "चल तायडे सरांकडे. ते रसायनवाले आहेत, ते सांगतील तुला." मला खात्री होती की माझ्या बाजूनं सांगतील. मोरपंखी पातळाला इतकी वर्षं झाली तरी माझी हुशारी तेवढीच होती.

मे महिन्यातली दुपार. सरांच्या घरापुढे नुकताच नवा डांबरी रस्ता झाला होता आणि उन्हानं तो मऊ पडला होता. सर बाहेरच्या खोलीत कूलरसमोर बसलेले. ऐंशी ओलांडलेले, अजून बारीक, खिशात लिटमसऐवजी खोकल्याच्या गोळ्या.

"या बाई. काय गळून राह्यलं आज?"

मी सगळं सांगितलं. निम्म्यावरच त्यांनी हात वर केला. "नियम मालूम हाय ना? पोरी, तू आधी. तुह्या आजीची बाजू सांग."

मुक्ताला हे नवं होतं, पण पोरगी सरळ आहे. तिनं सुरुवात केली. आधी जंगल काढावं लागतं, त्याखालची हजारो वर्षांची दलदल खरवडावी लागते. मग वाळू खोदायची. खोल असेल तर जमिनीत वाफ सोडायची. पाणी तापवायला, वाफ करायला गॅस जाळायचा, म्हणजे तेल कुणाच्या गाडीत जाण्याआधीच बराच धूर झालेला. साध्या विहिरीच्या तेलापेक्षा याचा धूर जास्त. उरलेलं पाणी मोठमोठ्या तळ्यांत साठवतात, त्यातली माती वर्षानुवर्षं बसत नाही. पक्षी उतरू नयेत म्हणून आवाज करून उडवावे लागतात. नदीच्या खालच्या अंगाला तिथली मूळची माणसं राहतात, मासे धरणारी. ती म्हणतात, मासे आता खाववत नाहीत.

"हो," मी म्हटलं, "हेच."

मुक्ता हळूच म्हणाली, "आणि हे सगळं माहीत असून मी अर्ज केला."

"आता तुमी, बाई."

मी म्हटलं, "कंपन्यांना नफा होतो."

"नाही, आजी."

"पोरांना परदेशाची हौस असते."

"नाही."

"बाई," सर म्हणाले, "टोमना नाई. बाजू."

मला घाम फुटला. कूलर समोर असून. माणसाची बाजू मांडायची तर आधी त्याच्या जागी जाऊन बसावं लागतं, आणि मी तीन आठवडे त्याच जागेवर चिखल फेकत होते. पण मांडली. तेल कुठे आहे ते शोधत फिरावं लागत नाही. ठाऊक असलेल्या जागी अफाट आहे. विहीर आटते, ही खाण पिढ्यान्‌पिढ्या चालते. सूर्याची वीज येतेय, पण ती पुरती येईपर्यंत एसटीला, शेतातल्या पंपाला, दवाखान्याच्या गाडीला, माझ्या स्कूटीला तेल लागणारच. ते कुठून तरी येणारच. तिकडच्या ओसाड मुलुखात त्यामुळे शाळा, दवाखाने, रस्ते आले. तिथल्या मूळच्या लोकांतही एकमत नाही. काहींनी स्वतःच त्यात कामं घेतली, पोरं शिकवली. खोदलेली जमीन भरून परत झाडं लावायची असा तिथे कायदा आहे, आणि तो कागदावर राहू नये म्हणून शिकलेली, डोळे उघडे असलेली माणसं तिथे असायला हवीत. "आणि हिला," मी मुक्ताकडे न बघता म्हटलं, "सोपं काम नकोय. जिथे अवघड आहे तिथे जायचंय. घरात बसून फोनवर नाक मुरडणारी म्हातारी व्हायचं नाहीये हिला."

"हो," मुक्ता म्हणाली. "हेच."

सरांनी खोकल्याची गोळी तोंडात टाकली. "झालं. दोघी एकमेकीचं बोलल्या. मंग भांडन कोनाचं राह्यलं?"

"तरीसुद्धा सर, तो धूर..."

"बाई." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेच डोळे, बशीवरून पाहणारे. "राह्यलं काही?"

मी कूलरकडे बघत म्हटलं, "ही गेली की घरात मी एकटी."

"हां," सर म्हणाले. "डांबर आता निंघालं. एवढा वेळ वाळूच होती."

मुक्ता उठून माझ्या खुर्चीच्या हातावर येऊन बसली. "आजी, मग हे का नाही बोललीस?"

"अगं, पर्यावरण बरं दिसतं," मी म्हटलं. "एकटी पडेन म्हटलं की म्हातारी रडते म्हणतात."

मग मुक्तानं सरांना विचारलं, जे मला विचारायचं होतं तेच. "पण सर, तुम्ही सांगा ना. ते चांगलं की वाईट?"

"माह्या बापानं रस्ता केला, त्यावरून मी शाळेत गेलो. त्याच्याच धुरानं बाप गेला. साठ वर्षं झाली, मी दोनी घेऊन बसलो हाओ पोरी, एक खाली ठेवता येत नाई." ते उठले, आतून ती बाटली घेऊन आले. वरचं पाणी नितळलं होतं, खाली मात्र अजूनही खळीसारखं दाट, करडं. मुक्तानं तिरकी केली तसं ते हललं.

"इतक्या वर्षांत बसलं नाही?"

"तुह्या आजीनं पर्समधी लय हलवलं ना." मग हसू पुसून म्हणाले, "गेली तर याचं काम माग. तेल काढनारे लय भेटतीन तिथं. पानी दाखवनारं एक तरी पाह्यजे. नाई गेली तर इथं पन पानी कमी नाई. पन काय करशीन थे आजीसाठी नको करू. आजी खंबीर हाय. कप सोडला होता तिनं."

मुक्ताला कप म्हणजे काय ते कळलं नाही. परतीच्या वाटेवर, मूर्तिजापूर येईपर्यंत, मी तिला ते सांगितलं. तोवर घरातल्या कुणालाच सांगितलं नव्हतं.

मुक्ता गेली. पाण्याचं काम मागितलं. त्यांनी आधी दुसरीकडेच लावलं, तळ्यावर यायला तिला दीड वर्ष लागलं. रविवारी फोन करते. कधी म्हणते, आजी, आज इथे लावलेली झाडं पाहिली, माझ्या कमरेएवढी झालीत. कधी म्हणते, आज सहन होत नाहीये, परत येऊ का? मी सल्ला देत नाही. तिची बाजू मांडते, ती "हो, हेच" म्हणेपर्यंत. मग ती माझी मांडते. एकटी राहण्याचं म्हणाल तर येतं, जमतं. त्या दुपारी सरांनी मुक्ताच्या हाती दिलेली बाटली विमानात नेऊ देत नाहीत म्हणून माझ्या खिडकीत आहे. सर पुढच्या हिवाळ्यात गेले. त्यांची माफी मागायची राहिली ती राहिलीच. पण त्या दिवशी ते "सोडला होता तिनं" म्हणाले, तेव्हा ती त्यांनी कधीच घेऊन टाकली होती हे मला कळलं.

मला सर आठवतात ते त्या दुपारचे. आम्ही गाडीत बसलो. नको नको म्हणत असता सर फाटकाबाहेर रस्त्यावर आले, आणि दोन पावलांत त्यांची चप्पल वितळलेल्या डांबरात रुतली. मुक्ता उतरू लागली तर त्यांनी हातानंच थांबवलं. वाकले, सावकाश चप्पल ओढून काढली, नाकाजवळ नेली. खोकले. आणि गाडी वळेपर्यंत, तापल्या रस्त्यावर एका पायावर उभं राहून, एक हात फाटकाला, आम्हाला निरोप देत राहिले. ती चप्पल हलवत.